रिकाम्या प्लेटांचा हिशेब

उपाहारगृहांचे दर वाढले की लोक बाहेर खाणे कमी करतात, असे दर दोन-चार वर्षांनी कोठेतरी वाचावयास मिळते आणि वाचणाऱ्यास ते पटतेही. परंतु परळच्या एका जुन्या मराठी उपाहारगृहाच्या गल्ल्यावर तीन तपांहून अधिक काळ बसलेल्या माझ्यासारख्या माणसास त्या विधानाचा इतका सरळ पडताळा कधीच आला नाही. दरवाढीच्या पहिल्या आठवड्यात गर्दी थोडी ओसरे, कोणी फलकाकडे बोट दाखवून दोन शब्द बोले, कोणी पैसे देताना नाणी मुद्दाम आपटी. आणि पुढल्या आठवड्यात दाराशी पुन्हा माणसे खुर्ची रिकामी होण्याची वाट पाहत उभी राहत. बदलत असे ते निराळेच. त्या खुर्चीवर कोण बसतो, किती वेळ बसतो, बरोबर कोणास आणतो आणि बरोबर आणलेल्यांपैकी प्रत्यक्ष खातात किती, यांत दर वेळी काहीतरी फरक पडलेला असे, आणि तो रोजकीर्दीत न उमटता केवळ गल्ल्यावर बसणाऱ्याच्या व वाढणाऱ्यांच्या ध्यानात येई.

बाहेर खाणाऱ्या लोकांचे मी माझ्यापुरते दोनच वर्ग केले आहेत, एक गरजेचा आणि दुसरा हौसेचा. ज्याच्या घरी चूल नाही, किंवा आहे पण ती फार दूर आहे, तो गरजेचा. ज्याच्या घरी स्वयंपाक झालेला असतो अथवा सहज होऊ शकला असता, आणि तरीही जो येतो, तो हौसेचा. सर्वसाधारण तर्क असा की, महागाई आली म्हणजे हौस आधी जाईल आणि गरज शेवटपर्यंत टिकेल. माझा अनुभव नेमका उलट आहे. हौसेचा माणूस महिन्यातून एकदा येतो. थाळीमागे वीस रुपये वाढले तर त्यास महिन्याकाठी वीसच रुपये जास्त पडतात, आणि तेवढे तो हसत सोसतो. गरजेचा माणूस रोज येतो. त्याचे तेच वीस रुपये महिन्याचे पाचशे होतात. म्हणून प्रत्येक दरवाढीत आधी उठून गेला तो रोजचा माणूस, आणि त्याच्या खुर्चीवर येऊन बसला तो रविवारचा.

या धंद्यात मी शिरलो तो १९८१ साली, म्हणजे गिरणी संपाच्या आदल्या वर्षी. त्या वेळी आमच्या रस्त्यावर दिवस उजाडे तो भोंग्याने, आणि पाळी सुटली की पदपथावर पाय ठेवावयास जागा नसे. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगाराचे दोन वेळचे जेवण बहुधा चाळीतल्या खाणावळवाल्या बायांकडे, महिन्याच्या हिशेबाने असे. आमच्याकडे तो येई चहाला, पाळी सुटल्यावर मिसळीला आणि पगाराच्या दिवशी घरी जिलबी बांधून नेण्यास. दुपारची राईस प्लेट खाणारे लोक निराळे होते: कचेऱ्यांतील कारकून, छापखान्यांतील जुळारी, औषधांच्या दुकानांतील विक्रेते, आणि के. ई. एम., वाडिया किंवा टाटा रुग्णालयात कोणा आप्तास दाखल करून बाहेर पडलेले कोकणातले व देशावरचे नातेवाईक. यांपैकी कोणीही हौसेने आलेला नसे. बायका एकट्या येत नसत. कुटुंब घेऊन येणारा गृहस्थ विरळा, आणि तो आला म्हणजे त्यास आतल्या बाजूच्या, पडद्याआडच्या खोलीत बसवण्याचा शिरस्ता होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. त्या वर्षी मालकांनी एकाही जिनसाचा दर वाढवला नाही, उलट उधारीची वही जाड होत गेली. आणि तरीही गिरणीतला माणूस हळूहळू आमच्या दारात दिसेनासा झाला. फलकावरचा आकडा जागचा हलला नसताही खाणे महाग होऊ शकते, हे मला गल्ल्यावर बसल्यावर पहिल्या दोन वर्षांतच उमगले. ती वही पुढे बराच काळ गल्ल्याखालच्या खणात पडून होती. वसुलीचा तगादा मालकांनी कोणाकडे लावला नाही; औदार्य म्हणावे तर ते होतेच, परंतु ज्यांच्याकडे तगादा लावावयाचा ती माणसे गावी निघून गेली होती, हेही तितकेच खरे.

रोजचा माणूस एकदम नाहीसा होत नाही; तो एकेक पायरी उतरत जातो. एका सरकारी कचेरीतील अव्वल कारकून असलेल्या गृहस्थांच्या बाबतीत ही उतरण मी आरंभापासून पाहिली. दुपारी सव्वाच्या सुमारास ते येत आणि घड्याळाखालच्या टेबलाशी बसत. चार पोळ्या, दोन भाज्या, वरण, भात आणि ताकाचा पेला एवढी त्यांची प्लेट असे, आणि वाढणाऱ्यास ती सांगावी लागत नसे. एका वर्षी आम्ही ताक प्लेटीतून काढून त्याचे निराळे पैसे लावले. त्यांनी ताक सोडले. पुढच्या वाढीत पूर्ण प्लेट सोडून ते पोळी-भाजीवर आले. त्यानंतर मिसळ-पाव, मग उसळ-पाव. आणि शेवटी ते सव्वा वाजता येईनासे होऊन चार वाजता येऊ लागले, कारण दुपारी ते कचेरीतच घरून आणलेला डबा खात आणि आमच्याकडे केवळ चहास येत. टेबल तेच, घड्याळही तेच. या सगळ्या काळात दराबद्दल त्यांच्या तोंडून अक्षर निघाले नाही. "हल्ली दुपारचं जड सोसत नाही," असे ते मला एकदा न विचारता म्हणाले, आणि मीही "वयाप्रमाणे व्हायचंच" असे उत्तर दिले. परंतु याच गृहस्थांस मी एका रविवारी मुलगी, जावई आणि नातवंडे घेऊन आलेले पाहिले. त्या दिवशी त्यांनी सर्वांसाठी श्रीखंडाची खास थाळी मागवली, वरून आणखी दोन वाट्या श्रीखंड सांगितले आणि बिलाची बेरीज न पाहता पैसे दिले. गरजेचा आणि हौसेचा हे दोन निराळे इसम असतात, असा तोवर माझा समज होता. एकच मनुष्य आठवड्याचे सहा दिवस एका वर्गात आणि सातव्या दिवशी दुसऱ्या वर्गात असू शकतो, आणि सहा दिवस वाचवलेलेच तो सातव्या दिवशी उधळतो, हे त्या दिवशी दिसले.

आता दर वाढतो कसा, हेही सांगितले पाहिजे, कारण ग्राहकास फलकावर दिसतो तो या प्रकरणाचा शेवट असतो, आरंभ नव्हे. आरंभ भटारखान्यात होतो. आधी भाजीची वाटी उथळ येते. मग वरण पातळ होते; २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली तेव्हा आमच्या वरणातून वाटीचा तळ दिसे, असे म्हणणाऱ्या ग्राहकाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मग पूर्वी मागितल्यावर मिळणारे जिन्नस एकामागून एक पैशांचे होतात: पापड, लोणचे, जादा रस्सा. मिसळीचा रस्सा दुसऱ्यांदा फुकट मिळणे हा पुष्कळांस आपला जन्मसिद्ध हक्क वाटे, आणि 'जादा रस्स्याचे पैसे पडतील' ही पाटी लागली त्या महिन्यात जेवढी भांडणे झाली तेवढी मिसळीचा मूळ दर वाढवल्यावर कधी झाली नाहीत. कांदा शंभरी ओलांडून गेला त्या २०१९ च्या डिसेंबरात मिसळीवर कोबी आणि बाजूस मुळ्याच्या चकत्या आल्या. हे सारे उपाय संपले म्हणजे मग रंगाऱ्यास बोलावणे जाई. थोरल्या मालकांचा एक दंडक असा होता की दर वाढवावयाचा तो जूनमध्ये. शाळांची फी, वह्या-पुस्तके, छत्र्या, रेनकोट यांनी मनुष्य आधीच गांजलेला असतो, त्याच्या तक्रारींत आपली तक्रार बुडून जाते.

पैशांची नाणी व्यवहारात होती तोवर दर पैशांनी वाढे. ती चालेनाशी झाली तशी वाढ रुपयाने होऊ लागली, आणि २०११ च्या जूनअखेर चार आण्याचे नाणे सरकारने अधिकृतपणेच बंद केले तेव्हा कोणास त्याचे काही वाटले नाही, कारण आमच्या गल्ल्यातून ते केव्हाच हद्दपार झाले होते. सुट्या पैशांच्या टंचाईने वाढ पुढे पाच रुपयांची झाली. आता फोनवरून पैसे येतात, सत्तेचाळीस रुपयांचे बिल सत्तेचाळीस रुपये म्हणूनच वसूल होते, सुट्याची सबब उरलेली नाही. तरीही वाढ पाचाचीच, किंबहुना दहाची होते. उतरण मात्र कधी होत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेल अडले, इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली, आणि धंद्यासाठी मिळणारा एकोणीस किलोचा गॅस सिलिंडर मुंबईत तेवीसशे रुपयांवर गेला. त्या वर्षी आम्ही एकदा सोडून दोनदा दर वाढवले आणि दोन्ही वेळा ते करणे भाग होते. पुढे तेल उतरले, सिलिंडरही पुष्कळ उतरला. आमचा फलक जागचा हलला नाही, आणि आमच्या रस्त्यावर दुसऱ्या कोणाचाही हलल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

"सरकारला पन्नासात थाळी परवडते, मग तुम्हाला एकशे दहात का परवडत नाही?" असा प्रश्न एका वृद्ध गृहस्थांनी मला २०२० साली केला होता. त्या वर्षीच्या प्रजासत्ताक दिनी शिवभोजन सुरू झाले होते; शहरात थाळीचा खर्च पन्नास रुपये धरून त्यांतील दहा खाणाऱ्याने द्यावयाचे आणि चाळीस सरकारने, अशी ती योजना होती. दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. प्रश्न चोख होता. मी त्यांना आमच्या रुपयाची फोड सांगितली: पाच-सहा आणे कच्च्या मालाचे, चार आणे पगारांचे, दोनएक आणे गॅस, वीज आणि पाण्याचे, उरलेल्यात कर, परवाने, फुटतूट, डागडुजी आणि मालकांचा नफा, आणि जागा पागडीची म्हणून भाडे नाममात्र आहे, ते बाजारभावाने द्यावे लागते तर ही थाळी तुम्हांला अडीचशेस पडती. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे इमारत पाडली की तुम्ही संपलात?" मला होकार द्यावा लागला. परळ-लालबागेतील माझ्या माहितीची कित्येक उपाहारगृहे मंदीने वा महागाईने बंद पडली नाहीत; त्यांच्या डोक्यावरची चाळ पुनर्विकासास गेली आणि नव्या इमारतीत तळमजल्याचे भाडे इडलीस झेपण्यासारखे राहिले नाही.

जुन्या स्वस्ताईबद्दल लोक मोठ्या उमाळ्याने बोलतात. त्या स्वस्ताईचा एक भाग कोणाच्या खात्यावर पडत होता, ते मात्र त्यांना ठाऊक नसते. टेबले पुसणारी, पाण्याचे पेले भरणारी आणि 'बाहेरवाला' म्हणून किटली घेऊन कचेऱ्यांचे जिने चढणारी मुले आमच्याकडे होती, तशी ती सगळीकडे होती. ती गावाहून कोणाच्या तरी ओळखीने येत, त्यांचा पगार त्यांच्या बापाच्या नावे मनिऑर्डरने जाई, आणि रात्री दुकान बंद झाल्यावर तीच टेबले जोडून त्यांवर ती झोपत. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना उपाहारगृहांत कामास ठेवण्यावर बंदी आली. मुले गेली, त्यांच्या जागी मोठी माणसे आली, त्यांस मोठ्या माणसांचा पगार, राहण्याची सोय आणि आठवड्याची सुटी द्यावी लागली, आणि त्या दिवाळीनंतर चहा एक रुपयाने वाढला. "उगीच काय वाढवता?" असे म्हणणाऱ्या एका नेहमीच्या ग्राहकास मी कारण सांगितले, तेव्हा "ते ठीक आहे हो, पण एकदम रुपया?" असे ते म्हणाले. त्यांचा मुलगा त्या वेळी सातवीत होता.

रिकाम्या प्लेटांकडे माझे लक्ष आमच्या एका जुन्या वाढप्याने वेधले. कुटुंब आले, चौघे बसले, त्यांतील गृहस्थाने दोन डोसे किंवा दोन मिसळी सांगितल्या की तो न विचारता दोन रिकाम्या प्लेटा घेऊन जाई, आणि भटारखान्याच्या खिडकीशी "दोन मिसळ, दोन रिकाम्या!" असे ओरडे. त्याचे म्हणणे असे की धंदा कसा चालला आहे हे मालक गल्ल्यावरून पाहतात, पण लोकांचे कसे चालले आहे हे मोरीतल्या प्लेटा मोजून कळते. मी काही दिवस खरोखरच बिले आणि धुण्यास गेलेल्या प्लेटा यांचा मेळ घालून पाहिला. दरवाढ झाली की बिलांची संख्या फारशी घटत नसे, रिकाम्या प्लेटा मात्र निश्चितपणे वाढत. पुरुष बहुधा स्वतःसाठी पूर्ण प्लेट सांगे, मुलांना एकीत दोघे बसवी, आणि बाई "मला नुसता चहा सांगा" असे म्हणून मुलांच्या प्लेटीतले उरलेले संपवी. भावफलक वाचतानाही पुरुषाची नजर डावीकडच्या नावांवरून उजवीकडच्या आकड्यांवर जाई आणि बाईची उजवीकडून डावीकडे येई; याला अपवाद पुष्कळ असतील, मला थोडेच आढळले.

धाकट्या मालकांच्या हाती कारभार आल्यावर त्यांनी रिकाम्या प्लेटीस दहा रुपये आकारण्याची तजवीज केली आणि 'एक थाळी दोघांत खाता येणार नाही' अशी पाटी लावली. हिशेबाच्या दृष्टीने ते चूक नव्हते. चार खुर्च्या अडवून दोघांचे बिल होत असेल तर धंदा कसा करावयाचा? परंतु रुग्णालयांकडून येणाऱ्या लोकांस हा नियम लागू करणे वाढप्यांच्या जिवावर येई. ही माणसे दुरून ओळखू येत. हातात केसपेपरची प्लॅस्टिकची पिशवी, काखेत क्ष-किरणांच्या चित्रांचे मोठे पाकीट, आणि ते पाकीट टेबलावर ओल्यात पडू नये म्हणून मांडीवर उभे धरून एका हाताने खाणे. नवरा-बायको एक थाळी मागवत आणि दुसरी पोळी फुकट की पैशांची, हे आधी विचारून घेत. मालकांचे फर्मान गल्ल्यावर होते. टेबलावर मात्र वाढप्यांनी आपसांत एक अलिखित नियम ठरवून टाकला की ज्याच्याजवळ फाईल आहे त्याची रिकामी प्लेट बिलात लिहावयाची नाही. मी ते पाहत होतो आणि मालकांस सांगत नव्हतो. मालकही ते पाहत होते आणि मला विचारत नव्हते.

आमच्याकडे पोटमाळ्यावर एक वातानुकूलित कक्ष होता. भटारखाना एकच, आचारी एकच, कपबशाही त्याच. परंतु जिना चढून गेले की चहाचा दर दीडपट होई. खालचा ग्राहक वर जात नसे आणि वरचा खाली बसत नसे. वर येणाऱ्यांत प्रेमिक जोडपी, विम्याचे एजंट आणि मुलीचा विवाह ठरवण्यास आलेली मंडळी यांचा भरणा असे, कारण त्यांना हवे असे ते चहा-डोसा नव्हे, बसावयास तास-दीड तास. लोक पैसे कशाचे देतात, हे मला त्या जिन्याने शिकवले. पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि गंमत झाली. वातानुकूलित उपाहारगृहास अठरा टक्के, इतरांस बारा; पण उपाहारगृहाचा कोणताही भाग वातानुकूलित असेल तर सगळ्यालाच अठरा. म्हणजे तळमजल्यावर पंख्याखाली घाम पुसत चहा पिणारा मनुष्य पोटमाळ्यावरच्या थंड हवेचा कर भरू लागला. बिलाकडे जन्मात न पाहिलेले लोक ते वाचू लागले, केंद्राचा कर आणि राज्याचा कर अशा दोन ओळींवर बोट ठेवून मला जाब विचारू लागले, आणि मी त्या चार-साडेचार महिन्यांत केंद्र व राज्य सरकारचा जेवढा बचाव केला तेवढा त्यांच्या प्रवक्त्यांनीही केला नसेल. नोव्हेंबरच्या मध्यास कर पाच टक्क्यांवर आला, परंतु खरेदीवर भरलेल्या कराची वजावट काढून घेतली गेली; तेव्हा पुष्कळांनी तेवढी भर मूळ दरात घातली आणि ग्राहकास बेरीज जवळजवळ तीच पडली. आम्ही काय केले, हे सुज्ञांस सांगावयास नको.

या काळात गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. लोअर परळच्या कचेऱ्यांत काम करणारी मुले-मुली दोनशे रुपयांची कॉफी घेऊन रस्त्याने चालत, आणि आमचा पंधरा रुपयांचा चहा त्यांना संशयास्पद वाटे. धाकट्या मालकांनी ही नाडी अचूक ओळखली. भिंती धुऊन घेतल्या, संगमरवरी टेबले तशीच ठेवली, जुनी छायाचित्रे चौकटीत बसवून लावली, आणि थाळीस 'पारंपरिक' हे विशेषण व दुप्पट दर एकाच दिवशी दिले. मला वाटले होते, आता रविवार ओस पडणार. झाले असे की रविवारी पदपथावर नावे लिहून घ्यावी लागू लागली. बोरिवलीहून, ठाण्याहून मंडळी येत, थालीपीठाची छायाचित्रे काढत, आणि आजोबा कसे याच भागात गिरणीत होते ते मुलांना सांगत. दर वाढवल्याने आमची प्रतिष्ठा वाढली, ही गोष्ट मला आजही पुरती पचलेली नाही. पण रोजकीर्द समोर होती. त्याच महिन्यांत सोमवार ते शुक्रवार दुपारची टेबले अर्धी मोकळी असत. जुळारी तर केव्हाच गेले होते, आता औषधांच्या दुकानांतील पोरेही गाडीवरचा वडापाव हातात घेऊन उभ्याउभ्या जेवण उरकत, आणि रुग्णालयाकडची माणसे धर्मादाय संस्थांच्या अन्नवाटपाच्या रांगेत दिसत.

टाळेबंदीने आमचे दार सहा महिन्यांहून अधिक काळ बसून खाणाऱ्यांस बंद राहिले. ५ ऑक्टोबर २०२० रोजी निम्म्या खुर्च्यांवर ते पुन्हा उघडले, तेव्हा लोकांना एक नवी सवय जडलेली होती. फोनवरून मागवलेल्या अन्नाचे दर आम्ही दुकानातल्यापेक्षा चढे ठेवतो, कारण पोहोचवणाऱ्या कंपनीचे कमिशन त्यांतून निघावे लागते. त्यावर पोहोचवण्याचे पैसे, बांधणीचे पैसे, आणि २०२३ साली दोन रुपयांनी सुरू होऊन पुढे कितीतरी पट वाढलेले 'प्लॅटफॉर्म' शुल्क. इतके असूनही घरी बसून मिसळ मागवणारा मनुष्य मला सांगतो की बाहेर जाणे महाग झाले आहे. त्याचेही बरोबर आहे. चौघांचे येण्याजाण्याचे भाडे, गाडी लावण्याची पंचाईत, आणि आलोच आहोत म्हणून मागवलेले पीयूष, खरवस, बटाटेवडे हे सारे वाचते; घरी रिकाम्या प्लेटीस कोणी पैसे मागत नाही, आणि दोन मिसळी चौघांत वाटल्या तरी पाहणारा वाढपी नसतो. फोनवरच्या मागण्यांत दोनच मिसळी आणि जादा पाव आठ, असे दिसले की घरात किती माणसे आहेत याचा अदमास मला गल्ल्यावर बसून येई. ती मागणी घेऊन जाणारे तरुण दाराशी उभे राहत. पाणी मागत, ते आम्ही देत असू. त्यांच्यापैकी कोणास आमच्याकडे बसून जेवताना मी पाहिले नाही.

निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या वर्षात माझा धाकट्या मालकांशी एकच मतभेद झाला, आणि तो फलकावरून. साथीच्या दिवसांत भावपत्रकास हात लागू नये म्हणून टेबलांवर चौकोनी ठिपक्यांचे छापील चित्र चिकटवले गेले. फोन त्यावर धरला की पदार्थ आणि दर दिसतात. साथ गेली, चित्र राहिले, आणि भिंतीवरचा रंगवलेला फलक 'जुनाट दिसतो' म्हणून काढला गेला. धाकट्या मालकांचे म्हणणे असे की आता रंगाऱ्याचा खर्च नाही आणि दर रात्रीत बदलता येतो. माझे म्हणणे एवढेच होते की तो फलक रस्त्यावरून वाचता येत असे. कित्येक माणसे पदपथावर उभी राहून, बस पाहत असल्याच्या आविर्भावात तो वाचत आणि परवडत नसेल तर पुढे निघून जात. कोणाच्या लक्षातही येत नसे. आता दर कळण्यासाठी आधी आत येऊन खुर्चीवर बसावे लागते, पाण्याचा पेला पुढे येतो, आणि मग उठून जाणे फार कठीण होते. परगावच्या एका म्हाताऱ्या जोडप्यास मी असे उठताना पाहिले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पेल्याचे पैसे किती, असे विचारले होते.

धाकट्या मालकांनी माझे बोलणे ऐकून घेतले आणि दोन महिने काही केले नाही. मग एके दिवशी दाराबाहेर एक लहान काळा फळा टांगलेला दिसला. त्यावर पाचच जिन्नस आहेत: चहा, उसळ-पाव, कांदेपोहे, पोळी-भाजी आणि साधी राईस प्लेट. नावे पांढऱ्या तैलरंगात झोकदार अक्षरांत लिहिली आहेत, त्यासाठी जुन्या रंगाऱ्यालाच शोधून आणले होते. दर मात्र खडूने लिहितात. दुपारी त्या फळ्यामुळे आठ-दहा प्लेटा जास्त जातात, असे आता गल्ल्यावर बसणारा मुलगा मला सांगतो, आणि रात्री दुकान वाढवताना फळा आत घेतला जातो, कारण शेजारच्या चाळीतली पोरे आकडे पुसून आपल्या मनाचे दर लिहून ठेवतात.